रेग्युलेटर ड्रायव्हरमधल्या व्होल्टेज मर्यादा: ८०५ मिलिव्होल्टवर अडलेला बोर्ड

फोंड्याच्या एका तरुण इंजिनिअरचा प्रश्न थोडक्यात असा: चोडणच्या खाजनात (बांध घालून राखलेल्या खाऱ्या शेतजमिनीत) मानशीपाशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारापाशी, पाण्याची पातळी नोंदवणारा लॉगर आम्ही बनवतोय. बोर्डावर लिनक्स आहे. पॉवर सांभाळणाऱ्या चिपचा, म्हणजे पीमिकचा, ड्रायव्हर मीच लिहिलाय. कोअर रेलसाठी (प्रोसेसरच्या गाभ्याला वीज देणाऱ्या वाटेसाठी) डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डाचं वर्णन कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, किमान ८०५००० आणि कमाल ९५०००० मायक्रोव्होल्ट दिले. बूट होताना कर्नल 'ब्रिंगिंग ८००००० इनटू ८०५०००-८०५०००' असं म्हणतो, लगेच 'फेल्ड टू अप्लाय' म्हणून उणे २२ (मागणी अवैध, या अर्थाचा चुकीचा कोड) देतो आणि रेग्युलेटर नोंदवायलाच नकार देतो. किमान ८००००० केलं की सगळं सुरळीत बूट होतं, पण बोर्ड दिवसातून एकदा-दोनदा गोठतो. मर्यादा ड्रायव्हरमध्येच घालून टाकल्या तर चालेल का? शिवाय एसडी कार्ड फार हळू चालतं. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

आधी त्या ८०५ चं बघू, कारण त्यात तुझी चूक अर्धीच आहे.

तू दिलेल्या तक्त्याप्रमाणे तुझा बक, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर, ६०० मिलिव्होल्टपासून सुरू होतो, पायरी साडेबारा मिलिव्होल्टची आणि पायऱ्या १२८. म्हणजे ८०० ही पायरी आहे, पुढची ८१२.५. ८०५ नावाची पायरी या चिपमध्ये नाहीच. तुला वाटलं, मी तर ८०५ ते ९५० अशी ऐसपैस जागा दिली आहे, कर्नल त्यातलं ८१२.५ उचलेल. एरवी उचललंही असतं. एखादा कन्झ्युमर ड्रायव्हर, म्हणजे त्या रेलची वीज वापरणाऱ्या भागाचा ड्रायव्हर, 'मला ८०५ ते ९५० मधलं काहीही चालेल' असं म्हणाला, तर कोअर, म्हणजे कर्नलमधला रेग्युलेटर सांभाळणारा भाग, नेमकं तेच करतो: किमानाला पुरेशी पडणारी सर्वांत खालची पायरी शोधतो. पण रेग्युलेटर नोंदवतानाची वाट वेगळी आहे. तिथे कोअर आधी सध्याचं व्होल्टेज वाचतो. ते किमानाच्या खाली असेल तर लक्ष्य ठरतं किमान ते किमान, म्हणजे एकच बिंदू. कमालीच्या वर असेल तर कमाल ते कमाल. बूटलोडरने (कर्नलच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमने) रेल ८०० वर सोडली होती, म्हणून कोअरने तुझ्या ड्रायव्हरकडे मागितलं ते बरोबर ८०५, ना खाली ना वर. वरच्या पायरीकडे गोल केलं तर ८१२.५ येतं, ते मागणीच्या बाहेर पडतं, म्हणून उणे २२. लॉगमध्ये '८०५०००-८०५०००' असा जोड आकडा दिसतो तो याचाच पुरावा. बरेच जण ती ओळ वाचतात आणि ट्रीमध्ये टायपिंगची चूक शोधत बसतात.

म्हणून ट्रीमधला किमान आकडा चिपच्या पायरीवर बसणारा हवा आणि तो वरच्या पायरीवर न्यायचा. कमाल आकडा खालच्या पायरीवर आणायचा. तुझा ९५० पायरीवर बरोबर बसतो, त्याला हात लावू नकोस. ८०५ चे ८१२५०० केलेस की लॉगमधली चूक जाईल.

पण मी तुझ्या जागी असतो तर ८१२५०० वरही थांबलो नसतो. ८०५ हा आकडा प्रोसेसरच्या डेटाशीटमधला आहे, आणि तो पिनेवर मिळायला हवा असा आकडा आहे. पीमिक सांगतो ते आणि पिनेवर पोहोचतं ते, या दोहोंत पीमिकची अचूकता आणि बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या उभ्या असतात. समज अचूकता दीड टक्का आहे. मग ८१२.५ मागितलं तरी प्रत्यक्षात ८०० च्या आसपास येऊ शकतं, आणि तू परत तिथेच पोहोचलास जिथे बोर्ड गोठतो. ८२५ वर दीड टक्का गेला तरी ८१२ च्या वर राहतं आणि पट्ट्यांत पडणाऱ्या घटीला सातेक मिलिव्होल्ट उरतात. रेडिओ एकदम चालू झाल्यावर एवढी घट पडते का, ते ऑसिलोस्कोपवर बघ, आणि बघताना प्रोब प्रोसेसरखालच्या कपॅसिटरवर ठेव, पीमिकच्या तोंडाशी नको. बहुधा ८२५००० किंवा त्याच्या वरची एक पायरी, यांपैकीच एक ठरेल.

इथे एक गफलत नेहमी होते. डेटाशीटमधला आकडा नाममात्र आहे की निखळ किमान आहे, ते वाचल्याशिवाय ट्रीमध्ये टाकायचा नाही. बीगलबोन ब्लॅक या बोर्डाच्या ट्रीमध्ये प्रोसेसरच्या रेलला किमान ९२५००० लिहिलंय. वर शेरा आहे: ०.९५ व्होल्टपासून, ४ टक्के सहनशीलतेसह. म्हणजे ०.९५ उणे ४ टक्के, ०.९१२, आणि त्या पीमिकची पायरी २५ मिलिव्होल्टची असल्याने तिच्यावरची पहिली पायरी ०.९२५. तिथे सहनशीलता आकड्यात आधीच धरली आहे. तुझ्या डेटाशीटमध्ये ८०५ हा 'मिन' रकान्यात आहे, तेव्हा तिथून खाली जायला जागाच नाही. गंमत अशी की बीगलबोनच्या त्याच रेलची कमाल १३५१५०० आहे, ती पायरीवर बसतच नाही. तरी चालतं, कारण बूटलोडर त्याच्या वर कधी जात नाही आणि कोअर ती मर्यादा गुपचूप १३५०००० वर ओढून घेतो. पायरीवर न बसणारा आकडा वर्षानुवर्षं खपून जातो तो असा, आणि एखाद्या दिवशी बूटलोडर बदलला की तुझ्यासारख्याची पंचाईत होते.

आता तुझा दुसरा प्रश्न: मर्यादा ड्रायव्हरमध्येच का घालू नयेत?

तुझा लॉगर जिथे लागणार आहे त्याच जागेवरून सांगतो. मानशीत पाणी किती चढू शकतं हे बांधाची उंची आणि फळ्या ठरवतात. पाणी किती चढू द्यायचं हे गावची शेतकरी संघटना ठरवते. आणि आज मला अमुक एवढं पाणी हवं, असं म्हणणारे शेतकरी आणि मासे धरणारे वेगळेच. बांधाच्या दगडावर कोणी 'यंदा एवढंच पाणी' असं कोरत नाही, कारण पुढच्या वर्षी पीक बदलेल. रेग्युलेटरच्या चौकटीत हेच तीन आवाज आहेत. ड्रायव्हर चिपची ताकद सांगतो. बोर्ड, म्हणजे डिव्हाइस ट्री, परवानगी सांगतो. कन्झ्युमर गरज सांगतो. कोअर तिन्हींचा सामाईक भाग काढतो, आणि सामाईक भाग रिकामा निघाला तर काही न करता चूक परत देतो.

ही चौकट २००८ मध्ये २.६.२७ या आवृत्तीबरोबर मुख्य कर्नलमध्ये आली. वुल्फसन मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सशी जोडलेले लियम गर्डवुड आणि मार्क ब्राउन हे तिचे कर्ते. तिच्या आराखड्याचा छोटासा दस्तऐवज कर्नलच्या स्रोतातच आहे, दोन मिनिटांत वाचून होतो. त्यातला पहिला मुद्दाच सुरक्षिततेचा: रेग्युलेटरची मांडणी चुकली तर हार्डवेअर कायमचं बिघडू शकतं; सॉफ्टवेअरच्या नजरेला सारख्या दिसणाऱ्या दोन चिपांची वीजगरज वेगळी असू शकते; आणि वीज खाणारा प्रत्येक भाग सॉफ्टवेअरला दिसतोच असं नाही. म्हणून बदल सुरक्षित आहे असं खात्रीने माहीत असल्याशिवाय काही बदलायचं नाही. तू ९५० ची भिंत ड्रायव्हरमध्ये घातलीस तर उद्या हाच पीमिक दुसऱ्या प्रोसेसरच्या बोर्डावर गेल्यावर तिथल्या माणसाला ती भिंत शोधायला आठवडा जाईल. एक अपवाद मी मानतो: चिपच्या एखाद्या उपप्रकारात ठरावीक पायऱ्या खरोखरच चालत नसतील, तर ते ड्रायव्हरच्या तक्त्यातच यायला हवं. ती चिपचीच गोष्ट आहे.

ट्रीमध्ये काहीही लिहून चालतं असा मात्र याचा अर्थ नाही. माझ्याच हातून झालेलं सांगतो. वेर्ण्यातल्या एका कंपनीत असताना एका एलडीओला (साध्या लिनिअर रेग्युलेटरला) मी मर्यादा दिल्या १.८ ते ३.३ व्होल्ट. का? पीमिकच्या डेटाशीटमध्ये तो एलडीओ एवढं देतो म्हणून. आळस, दुसरं काही नाही. त्या रेलवर १.८ व्होल्टचा ॲक्सिलरोमीटर होता. पुढे एका सहकाऱ्याने डिस्प्ले पॅनेल जोडताना ट्रीमध्ये चुकून त्याच एलडीओकडे बोट दाखवलं. पॅनेलच्या ड्रायव्हरने मागितलं २.८ ते ३.३. कोअरने बघितलं: चिप देते, बोर्डाची परवानगी आहे, आणि ॲक्सिलरोमीटरच्या ड्रायव्हरने तर व्होल्टेजबद्दल तोंडही उघडलं नव्हतं. तो फक्त 'चालू कर' एवढंच म्हणायचा, बहुतेक ड्रायव्हर तेवढंच म्हणतात. आणि जो कन्झ्युमर काही बोलला नाही त्याला परवानगीच्या मर्यादेतलं काहीही चालतं, असंच कोअर धरून चालतो. मौनं संमतिलक्षणम्. तीन बोर्डांवरचे ॲक्सिलरोमीटर गेले. मी १८००००० ते १८००००० लिहिलं असतं तर कर्नलने पॅनेलला नकार दिला असता, पॅनेल काळा राहिला असता आणि दहा मिनिटांत चूक सापडली असती.

तेव्हापासून ट्री लिहिताना मी रेल धरून बसतो, चिप धरून नाही. स्किमॅटिक उघडायचं, त्या रेलवर लटकलेला प्रत्येक भाग बघायचा, ड्रायव्हर नसलेले सुद्धा: पुल-अप, लेव्हल शिफ्टर, एखादी ईप्रॉम. त्या सगळ्यांना सोसेल तेवढीच मर्यादा. चिपची पूर्ण कुवत ट्रीमध्ये उतरवणं म्हणजे मर्यादा न लिहिणंच.

तुझ्या एसडी कार्डाचं उत्तर याच्याच उलट बाजूला आहे. तू व्हीक्यूएमएमसी, म्हणजे कार्डाच्या सिग्नल तारांच्या रेलला किमान आणि कमाल दोन्ही ३३००००० दिले असणार. ट्री वाचणारा भाग एक साधा नियम पाळतो: दोन आकडे वेगळे असतील तरच व्होल्टेज बदलायची मुभा. सारखे असतील तर रेल कायमची स्थिर. कार्ड सुरू होतं ३.३ व्होल्ट सिग्नलवर. यूएचएसच्या, म्हणजे कार्डाच्या वरच्या, वेगात जायचं तर तारा १.८ वर आणाव्या लागतात. एमएमसीचा कोअर त्यासाठी १.७ ते १.९५ व्होल्ट, लक्ष्य १.८ असं मागतो. तुझी रेल स्थिर, म्हणून नकार. मग कार्ड निमूटपणे हाय-स्पीडवर, ५० मेगाहर्ट्झ आणि सेकंदाला फार तर २५ मेगाबाइटवर राहतं. यूएचएसच्या एसडीआर १०४ या प्रकारात तेच २०८ मेगाहर्ट्झ आणि १०४ मेगाबाइट असतं. लॉगमध्ये लाल अक्षरांत काही येत नाही, म्हणून वर्ष-वर्ष कुणाच्या लक्षात येत नाही. तेव्हा त्या रेलला किमान १८००००० आणि कमाल ३३००००० कर. पण त्याआधी स्किमॅटिकमध्ये बघ की त्या रेलवर फक्त कार्डाच्याच तारा आहेत ना. कार्डाची मुख्य रेल, व्हीएमएमसी, ३.३ वरच स्थिर राहू दे, ती बदलायची नसते.

(लॉगरला एवढा वेग हवाय कशाला, हा प्रश्न माझ्या मनात आहेच. पाण्याची पातळी पंधरा मिनिटांत एकदा लिहायची असेल तर २५ मेगाबाइट पुरून उरतात आणि एक रेल स्थिर राहिली तर तेवढीच डोकेदुखी कमी. पण तू विचारलंस म्हणून सांगितलं.)

आता गोठण्याकडे परत, कारण किमान आकडा वर नेल्यावरही तो पूर्ण थांबेल याची हमी मी देत नाही. प्रोसेसरची वारंवारता बदलताना काय होतं ते तपास. ओपीपीच्या, म्हणजे वारंवारता आणि व्होल्टेजच्या जोड्यांच्या, तक्त्यात प्रत्येक वारंवारतेसमोर व्होल्टेज असतं, एकच आकडा किंवा लक्ष्य, किमान, कमाल असे तीन. एकच आकडा दिला तर तिन्ही तेच धरले जातात, आणि पायरीवर न बसणारा आकडा तिथेही तुला नडतो: समज ९०५००० लिहिलंस, चिपमध्ये ९०० आणि ९१२.५ आहे, मग ती वारंवारता 'रेग्युलेटरला जमत नाही' म्हणून तक्त्यातून गळते. नेहमी तीन आकडे दे, आणि मधे किमान एक पायरी नक्की सापडेल एवढी जागा ठेव.

वारंवारता वाढवायची तर आधी व्होल्टेज वाढतं, मग घड्याळ. कमी करताना उलट. हा क्रम कर्नल सांभाळतो. पण व्होल्टेज वाढलं हे त्याला कळतं कसं? रजिस्टरमध्ये आकडा लिहिला की काम झालं असं तो मानतो आणि तू सांगितला असशील तेवढा वेळ थांबतो. तुझ्या ड्रायव्हरमध्ये रॅम्प डिले (रेल किती वेगाने चढते तो आकडा) नाही, ट्रीमध्येही नाही, म्हणजे थांबायची वेळ शून्य. समज बकचा वेग मायक्रोसेकंदाला ३.१२५ मिलिव्होल्ट आहे. ८५० वरून ९५० ला जायला ३२ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात घड्याळ वाढून गेलेलं असतं आणि प्रोसेसर क्षणभर उपाशीपोटी धावतो. दिवसातून एकदा-दोनदा गोठणं हे अशा वेळेच्या चुकीचं नेहमीचं रूप आहे. पीमिकच्या डेटाशीटमध्ये स्ल्यू रेट (तोच चढण्याचा वेग) शोध, तो ड्रायव्हरच्या वर्णनात दे. बोर्डावर मोठे कपॅसिटर असतील आणि रेल त्याहून सावकाश चढत असेल तर ट्रीमधून तो आकडा बदलता येतो.

ड्रायव्हरचा तक्ताही एकदा पारखून घे, कारण त्यातली चूक वर कुणालाच दिसत नाही. पायऱ्यांची संख्या म्हणजे वरचा आकडा उणे खालचा, भागिले पायरी, अधिक एक. ते 'अधिक एक' विसरलं की सर्वांत वरची पायरी कोअरच्या दृष्टीने अस्तित्वातच राहत नाही. सगळ्या चिपा तुझ्यासारख्या सरळ रेषेतही नसतात. बीगलबोनवरच्या टीपीएस ६५२१७ या पीमिकमध्ये ०.९ ते १.५ पर्यंत २५ मिलिव्होल्टच्या पायऱ्या, मग ५० च्या, मग १०० च्या, आणि शेवटचे आठ सिलेक्टर (पायऱ्यांचे क्रमांक) सगळे ३.३ व्होल्टच, पायरी शून्य. अशा चिपेला लिनिअर रेंजचे, म्हणजे समान पायऱ्यांचे, तुकडेच द्यायचे. स्वतः गणित करून नवा मॅपिंग लिहायच्या भानगडीत पडू नकोस. तक्ता खोटा असेल तर पुढे कधीतरी 'अनसपोर्टेबल व्होल्टेज कन्स्ट्रेन्ट्स' अशी ओळ आणि तिच्यात अब्जांच्या घरातला आकडा दिसेल. ते व्होल्टेज नव्हे. मर्यादेत एकही पायरी सापडली नाही म्हणून चलात राहून गेलेली सुरुवातीची किंमत छापली जाते. दोन-चार सिलेक्टर हाताने लिहून मल्टिमीटरवर व्होल्टेज मोज आणि तक्त्याशी जुळतं का बघ. तासाभराचं काम आहे.

दोन रेल एकमेकींशी बांधलेल्या असतील तर आणखी एक थर येतो. सॅमसंगच्या एक्झिनॉस ५४२२ च्या ओड्रॉइड बोर्डांवर प्रोसेसरची आणि अंतर्गत बसची रेल यांच्यात ३०० मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक पडता कामा नये, आणि ते कपल्ड रेग्युलेटरच्या खुणेने ट्रीमध्ये सांगावं लागतं. तुझ्या प्रोसेसरला अशी अट दिसत नाही, डेटाशीटमधलं पॉवर सिक्वेन्सचं प्रकरण एकदा नजरेखालून घाल म्हणजे झालं.

बदल केलेस की डीबगएफएसमधली (कर्नलच्या आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलव्यवस्थेतली) रेग्युलेटर समरी काढून पाठव. त्यात प्रत्येक रेलचं सध्याचं व्होल्टेज, किमान, कमाल आणि तिच्याखाली कोण कोण बसलंय, त्यांनी काय मागितलंय, हे झाडासारखं दिसतं. एक प्रत बूट झाल्याबरोबर काढ आणि एक मिनिटभराने. नव्या कर्नलमध्ये कुणीच न वापरलेल्या रेल बूटनंतर सुमारे ३० सेकंदांनी बंद केल्या जातात, 'ऑलवेज-ऑन' लिहिलेल्या तेवढ्या सोडून. 'बूट-ऑन' म्हणजे बूटलोडरने रेल चालू ठेवली असावी, नसेल तर कर्नल बूट होताना ती चालू करतो, एवढंच. तिने रेल वाचत नाही. तुझ्या सेन्सरची रेल दुसऱ्या प्रतीत बंद दिसली, तर सेन्सरच्या नोडमध्ये सप्लायचा दुवा द्यायचा राहिलाय.